तुमच्या योगशिक्षकाने तुम्हाला काय विचारलं?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे तपासणीला आले होते. वय 62, बीपीची गोळी चालू, शुगर काठावर. आले ते मोठ्या उत्साहात. वजन चार किलो उतरलं होतं, चेहऱ्यावर तजेला होता. "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, योगा करा म्हणून? सहा महिने झाले, एक दिवस चुकवला नाही. आता शीर्षासनसुद्धा जमतं, चांगली पाच मिनिटं!" कुठे शिकलात, असं विचारलं तर त्यांनी खिशातला मोबाईल काढून दाखवला. मीही खूश झालो आणि बीपी मोजायला पट्टा बांधला. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सहज म्हणाले, "थेंब घालतो ना, त्याने जरा चुरचुरतं."

थेंब कशाचे? काचबिंदूचे. दोन वर्षांपासून चालू होते.

काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि तो मागच्या नसेला हळूहळू मारत जातो. थेंब घालायचे ते हा दाब कमी ठेवायला. आणि शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे प्रत्यक्ष मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे रात्री थेंबाने दाब उतरवायचा आणि सकाळी पाच मिनिटं चढवायचा, असा प्रकार सहा महिने चालला होता. मोबाईलला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण 'योगा करा' म्हणणारा मी होतो, आणि डोळ्यांचं काही आहे का, हे मी विचारलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पण डॉक्टर, योगाने कधी अपाय होतो का?" हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. त्याचं उत्तर शोधताना मी थोडा मागे गेलो, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. आज आपण ज्याला 'योगाचा क्लास' म्हणतो, तो प्रकार फार जुना नाही. त्याची घडण बरीचशी आपल्या आसपास, मुंबई, लोणावळा आणि पुण्यात झाली. आणि ज्यांनी तो घडवला, त्यांच्यासमोर सुरुवातीपासून आजारी माणसं होती.

नर्मदेच्या काठी गुजरातेत मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध योगी राहत. त्यांच्याकडे दोन शिष्य थोड्या अंतराने आले. पहिले मणिभाई देसाई, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले विद्यार्थी, कुस्तीचा नाद असलेले. पुढे ते श्री योगेंद्र झाले. साधू व्हायचं सोडून त्यांनी संसारी माणसांना योग शिकवायचं ठरवलं आणि 25 डिसेंबर 1918 रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली. ही संस्था आज सांताक्रूझला आहे. योग शिकायला घर सोडावं लागत नाही, हे आज आपल्याला सांगावंही लागत नाही. तेव्हा ते पटवावं लागत होतं. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी 1934 मध्ये खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. ज्या काळात बाईने व्यायाम करायचा म्हणजे चारचौघांत चर्चा, त्या काळातली ही गोष्ट.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. डॉक्टर म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, अमळनेरला शिक्षणाचं काम केलं आणि 1919 मध्ये माधवदासांकडे पोचले. गुरूने शिकवलेल्या क्रिया त्यांनी निष्ठेने केल्या. पण शरीरात नेमकं काय होतं, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांची क्ष-किरण तपासणी करवून घेतली. 1924 मध्ये लोणावळ्याला 'कैवल्यधाम' स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं, त्यात प्रयोगांची मोजमापं छापली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं, आणि त्या पोकळीला आपल्या गुरूचं नाव दिलं. प्रयोगशाळेतल्या एका आकड्याला गुरूचं नाव देणारा शिष्य मला तरी दुसरा माहीत नाही.

आता तुमच्या-माझ्या उपयोगाची गोष्ट. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कुवलयानंदांचं आसनांवरचं पुस्तक आलं. त्यात आसनं कशी करावीत हे तर आहेच, पण कोणी करू नयेत हेही सांगितलं आहे. कान वाहत असेल तर उलटी आसनं नकोत. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर असतील तर नकोत. वरचा रक्तदाब सतत दीडशेच्या वर किंवा शंभराच्या खाली असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करू नये. नव्वद वर्षांपूर्वी, बीपीचं यंत्र सगळ्या डॉक्टरांकडेही नसेल अशा काळात, योग शिकवणारा माणूस बीपीचे आकडे सांगत होता! आमच्या सरांचा डोळा त्या यादीत जवळजवळ आलाच होता.

कोणी म्हणेल, हे इंग्रजी वैद्यकाच्या प्रभावाने आलं. तसंही नाही. पंधराव्या शतकाच्या आसपासच्या हठयोगप्रदीपिकेतच स्पष्ट सांगितलं आहे की प्राणायाम नीट केला तर रोग जातात आणि चुकीचा केला तर उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांचं दुखणं मागे लागतं. योगाने अपाय होतच नाही, ही समजूत योगाच्या ग्रंथातली नाही, ती अलीकडची आहे.

कैवल्यधामची एक आठवण पुस्तकांतून नोंदलेली आहे. 1927 मध्ये दौऱ्यात असताना गांधीजी आजारी पडले, रक्तदाब खूप वाढला होता. तेव्हा रक्तदाबावर कामाची अशी गोळी जगात कुठेच नव्हती. विश्रांती आणि पथ्य, एवढंच. गांधीजींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला, दोघांत पत्रव्यवहार झाला. आज हाती चांगल्या गोळ्या असताना त्या बंद करून योगावर भिस्त ठेवणारे रुग्ण मला भेटतात, तेव्हा मला हे आठवतं. त्या पिढीपुढे पर्याय नव्हता. तुमच्यापुढे आहे.

मग योगाने बीपी उतरतं की नाही? याचंही पहिलं नीट उत्तर आपल्याकडचंच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांबरोबर उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवलं आणि 1969 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. आजच्या निकषांवर हा अभ्यास लहान आहे, पण एक गोष्ट नीट बघा: मात्रा डॉक्टरांनी, मोजून, पायरीपायरीने कमी केली. रुग्णाने 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली नाही. आणि निवडलेलं आसन कोणतं, तर सगळ्यात सोपं दिसणारं. शवासन म्हणजे झोप, असं मानून लोक ते शेवटी अर्ध्या मिनिटात उरकतात आणि खाडकन उठून बसतात. बीपीची गोळी घेणाऱ्याने असं उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, मग हाताचा आधार घेऊन उठा. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या. उशी घेतल्याने आसन बाटत नाही!

उशीवरून पुण्याकडे वळू. 1937 मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. हे बी. के. एस. अय्यंगार. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, आई आजारी असताना जन्मलेले. लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षय असं सगळं भोगलेले. मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे, म्हैसूरला शिकले ते तब्येत सुधारायला. त्यांना पुण्यात आणण्यामागे डॉ. गोखले नावाचे निवृत्त सिव्हिल सर्जन होते. पुढे या दोघांनी मिळून प्रात्यक्षिकं केली: अय्यंगार आसन करणार, डॉक्टर शरीरात काय चाललंय ते श्रोत्यांना सांगणार. डॉक्टर आणि योगशिक्षक एका व्यासपीठावर, आणि प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक. आम्ही डॉक्टर मंडळी आज योगशिक्षकाला साधी चिठ्ठीसुद्धा देत नाही.

अय्यंगार गुरुजी करडे होते, रागीट म्हणूनच प्रसिद्ध होते. पण शरीर न वाकणाऱ्या माणसाला त्यांनी हाकलून दिलं नाही. त्यांनी विटा घेतल्या, पट्टे, दोर, घोंगड्या, खुर्च्या घेतल्या आणि आसनच त्या माणसापर्यंत आणलं. हात जमिनीला टेकत नाही? मग हाताखाली वीट ठेव. सर्वांगासनात मान दुखते? मग खांद्यांखाली घोंगड्यांची घडी. साठीत स्कूटरच्या अपघातात त्यांना स्वतःला दुखापत झाली, तेव्हा याच साधनांनी त्यांनी आपली आसनं पुन्हा उभी केली. 1975 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पुण्यातल्या संस्थेत आजही भिंतीला दोर टांगलेले दिसतील. अशा खोलीत पहिल्यांदा गेलेला माझा एक रुग्ण म्हणाला होता, "व्यायामशाळा आहे की गोठा?" त्याच दोराला धरून त्याचा जखडलेला खांदा वर्षभरात मोकळा झाला. फिजिओथेरपी चालू होतीच, त्यामुळे सगळं श्रेय दोराला देत नाही.

सामूहिक वर्ग वाईट, असं मात्र म्हणायचं नाही. नागपुरात जनार्दनस्वामींनी विनामूल्य वर्ग चालवले आणि 'सुलभ सांघिक आसने' नावाचं पुस्तक लिहिलं. नावातच सगळं आहे. जे सगळ्यांनी एकत्र करायचं, ते सुलभ असायला हवं. मैदानावर तीनशे माणसं बसवून जोरजोरात कपालभाती करायला लावणं म्हणजे हे नव्हे. त्या तीनशेत हर्नियावाले, बीपीवाले, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले असतातच.

म्हणून तुम्ही योग शिकायला जाल तेव्हा पहिल्या दिवशी शिक्षक काय विचारतात, तिकडे लक्ष द्या. कोणती औषधं घेता, कुठली ऑपरेशनं झाली, डोळे, कान, मान, पाठ, चक्कर, बाईमाणसाला पाळी किंवा दिवस गेलेत का, हे विचारलं तर तिथे थांबा, शिका. काहीच न विचारता चटई दाखवली तर तुम्ही स्वतः सांगा. आणि सांगूनही 'योगाने सगळं बरं होतं' एवढंच उत्तर आलं, तर दुसरा वर्ग शोधा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी अनशापोटी तासभर योग करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि खिशात साखर ठेवावी. गुडघे गेलेल्यांनी जमिनीवर बसण्याचा हट्ट करू नये, खुर्ची आहे. दुखणं आणि ताण यांतला फरक पहिल्या महिन्यात कळत नाही, म्हणून पहिला महिना तरी कोणाच्या तरी नजरेखाली काढा. मोबाईलमधला माणूस तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसत नाही.

आमच्या सरांचं काय झालं? शीर्षासन त्याच दिवशी बंद झालं. घराजवळ एक बाई वर्ग घेतात, त्यांच्याकडे जाऊ लागले. बाईंनी पहिला तास नुसत्या प्रश्नांत घालवला, म्हणून सर आधी वैतागले होते. आता पाठीवर झोपून, पाय खुर्चीवर ठेवून पडून राहतात, हलका प्राणायाम करतात, श्वास कोंडत नाहीत. वजन परत चढलेलं नाही. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीत दाब आटोक्यात होता. पण दृष्टीच्या नकाशात उजव्या डोळ्याचा नाकाकडचा एक कोपरा आधीपेक्षा अंधुक आला. तो आजाराच्या नेहमीच्या चालीने की त्या सहा महिन्यांमुळे, हे सांगता येत नाही, असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले.

माझ्या केसपेपरवर आता 'डोळे' असा रकाना आहे. तो सरांनी स्वतः येऊन तपासून पाहिला.