आरेखकाचा डावा हात



निरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंद यांच्या नांवाचें एक नगर वसलें. वालचंदनगरांत आरंभीं साखर झाली, पुढें साखरेचीं यंत्रें घडलीं, आणि कालांतरानें इस्रोच्या अग्निबाणांचीं आवरणेंहि तयार होऊं लागलीं. परंतु यंत्र लोखंडांत उतरण्यापूर्वीं तें रेषांत उतरावें लागतें. आजचें भाषण या रेखाटनाविषयीं, आणि विशेषतः आरेखकाच्या डाव्या हाताविषयीं आहे.

लाकडी फलकावर काम चाले तेव्हां उजव्या हातांत पेन्सिल असे, आणि डावा हात टी-स्क्वेअर व गुण्या दाबून धरी. रेघ उजव्या हाताची खरी; पण तिचा सरळपणा डाव्या हाताचा. नजर मात्र कागदावरून ढळत नसे.

१९६३ सालीं अमेरिकेंत एम्. आय्. टी. येथें आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकानें 'स्केचपॅड' ही संगणकीय रेखाटनाची पद्धति मांडली. उजव्या हातांतील प्रकाशलेखणीनें तो पडद्यावर जागा दाखवी, आणि डाव्या हाताशीं बटणांची पेटी असे. एक बटण रेघेचें, दुसरें वर्तुळाचें, तिसरें आकृति हलविण्याचें. ९ डिसेंबर १९६८ रोजीं डग्लस एंगलबार्ट यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें जें प्रात्यक्षिक दाखविलें, त्यांतहि उजव्या हातांत माऊस व डाव्या हाताखालीं पांच कळांची पट्टी होती. फलकावरील श्रमविभागणी पडद्यावरहि टिकली होती.

पुढें आज्ञांच्या याद्या पडद्यावर आल्या. नवशिक्यास त्या उपकारक ठरल्या. पण प्रत्येक आज्ञेसाठीं उजव्या हातानें रेघ सोडून यादीकडे धांवावें, आणि डाव्यानें स्वस्थ बसावें, असें झालें. कळांचे शॉर्टकट आले ते ही उणीव भरून काढीत. १९८२ सालच्या ऑटोकॅडमध्यें आज्ञा टंकून देण्याची सोय होती. पुढें 'एल्' म्हणजे रेघ, 'सी' म्हणजे वर्तुळ अशीं लघुरूपें रूढ झालीं, आणि आपलीं स्वतःचीं लघुरूपें एका साध्या यादींत लिहून ठेवण्याची मुभाहि वापरणाऱ्यास मिळाली. १९८४ च्या मॅकिंटॉशवर पूर्ववत् करणें, कापणें, नक्कल घेणें व चिकटविणें या चार आज्ञांना कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यांतील शेजारशेजारच्या कळा मिळाल्या. हात जेथें होता तेथेंच हत्यार आलें.

आतां आपला प्रश्न. भारतीय लिप्यांसाठीं १९८६ सालीं 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरला. त्यांत 'एल्' च्या कळेवर 'त' आहे. मराठी आरेखकानें नकाशावर मराठींत टीप लिहिली आणि लगेच रेघेसाठीं तीच कळ दाबली, तर रेघेऐवजीं 'त' उमटतो. प्रथम कळफलक इंग्रजीवर न्यावा, मग रेघ काढावी! दिवसांतून शंभर वेळां हा खटाटोप कोण करील? मग टीपच इंग्रजींत लिहिली जाते. मराठी सूचना नकाशावरून नाहींशी होते ती कोणाच्या द्वेषामुळें नव्हे, एका कळेच्या अडचणीमुळें. आणि ती सूचना वाचून यंत्र जोडणारा कामगार मात्र मराठीच असतो.

यावर उपाय आहे. कोणती कळ दाबली गेली हें संगणकास प्रथम कळतें; तिचें अक्षर कोणतें हें मागाहून ठरतें. तेव्हां आज्ञा अक्षरास न बांधतां कळेच्या स्थानास बांधावी, म्हणजे लिपि कोणतीहि असो, रेघ निघेल. सदरलँडच्या पेटीवर बटण कामासाठीं होतें, वर्णमालेसाठीं नव्हतें. डाव्या हाताला भाषा नसते. त्याला आपली जागा तेवढी ठाऊक असते.