वैनगंगेचा सातबारा कोणाच्या नावे?

समुद्राकाठच्या नद्यांना दिवसातून दोनदा भरती येते. आमच्या वैनगंगेची भरती वर्षातून एकदाच, पावसाळ्यात. शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावलेली ही नदी बालाघाट, गोंदिया, भंडारा ओलांडून आमच्या जंगलपट्ट्यात येते. चपराळ्याजवळ वर्धेला मिळून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधली सीमा बहुतांशी हीच नदी ठरली.

पहिल्या पुराबरोबर मासे नदीतून नाल्यांत, नाल्यांतून धानाच्या बांध्यांपर्यंत चढतात आणि अंडी घालतात. पाणी ओसरले की मासे डोहांत उतरतात. उरलेल्या चिखलपाण्यात मरळ वरची हवा घेऊन तग धरते. हे सारे ढिवराच्या घरात तोंडपाठ असते. जाळे कधी टाकावे आणि कधी टाकू नये, हे ज्ञान डोंग्यावरच पुढच्या पिढीकडे जाते.

माझ्या वर्गातला एक ढिवर विद्यार्थी एकदा म्हणाला, ‘‘सर, आमचा इतिहासच नाही. शेत नाही म्हणून सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणून आम्ही कुठलेच नाही.’’ घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या मला हे बोलणे परके वाटले नाही.

रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ढिवरांची नोंद आहे. मासे धरणारे, पालखी वाहणारे, वरच्या जातींच्या घरी पाणी भरणारे अशी ती नोंद. म्हणजे ढिवराने भरलेले पाणी चालत होते आणि आमच्या आजोबांचा स्पर्श चालत नव्हता. ही दरी नाकारण्यात अर्थ नाही. पण जातिव्यवस्थेने एकाला पाणी वाहायला लावले, दुसऱ्याला पाण्यापासून हाकलले, आणि पाण्यावरचा हक्क मात्र दोघांनाही दिला नाही, हेही तितकेच खरे.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला. त्याच्या 26 व्या कलमाने राखीव जंगलात नियमांविरुद्ध मासे धरणे हा गुन्हा ठरवला. महाडला पाण्याच्या हक्काचा जाहीरनामा झाला आणि जंगलात मासे धरणारा गुन्हेगार ठरू लागला. 1951 मध्ये मालगुजारी संपली. मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले, पण मासेमारीसाठी ठेका सुटला नाही. 1988 मध्ये पवनीजवळ गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सुटले आणि नदीकाठची गावे बुडाली. ढिवराने पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेली भरती आता दारांच्या हाती गेली आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या जलाशयांतील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला. पण ढिवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांची गणना भटक्या जमातींत होते. म्हणून त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याला सरकारनेच भटका म्हटले, त्यानेच एका जागी राहिल्याचा पुरावा आणावा! यापेक्षा क्रूर विनोद कोणता?

तरीही याच कायद्याच्या नियमांत एक वाट आहे. गॅझेटियरसारख्या सरकारी नोंदी पुरावा म्हणून चालतात. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी कथन चालते. मासेमारीच्या पारंपरिक जागाही पुराव्यात धरल्या जातात. एकाहून अधिक पुरावे मात्र हवेत. म्हणजे ज्या तोंडी ज्ञानाला आपल्या विद्यापीठांनी इतिहास मानले नाही, ते कागदावर उतरले तर ग्रामसभेत पुरावा ठरू शकते.

मी त्या विद्यार्थ्याला एक कोरी वही दिली. कोणता डोह कोण राखत होते, कोणत्या नाल्यात मासे चढत होते, कोणत्या साली पाणी कुठवर आले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार आणि लिही, असे सांगितले. आपल्या प्रत्येक महाविद्यालयात अशा वह्या भरल्या पाहिजेत. सांगणारी माणसे थकत चालली आहेत. ती गेली की 75 वर्षांची साक्षही जाईल, आणि मग नदीकाठी जन्मलेला माणूस नदीवर उपरा ठरेल.