जुना फ्लॅश आणि नवा कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या सफाईंत माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खालीं आली. तींत वडिलांचा जुना कॅमेरा, दोन भिंगें आणि फडक्यांत गुंडाळलेला एक फ्लॅश निघाला. भाच्यानें त्या फ्लॅशमध्यें चार सेल घातले. बारीक शिटीसारखा आवाज चढत गेला आणि पाठीमागचा तांबडा दिवा लागला. आजोबांचा फ्लॅश अजून जिवंत आहे हें पाहून स्वारी खूष झाली आणि आपल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खांचेंत तो सरकवूं लागली. मीं त्याचा हात धरला. "मामा, अगदीं बरोबर बसतो आहे कीं!" तो म्हणाला. बसत होता हें खरें. त्या खांचेचें माप बहुतेक कॅमेऱ्यांत पूर्वीचेंच राहिलें आहे, आणि घोटाळा नेमका तेथेंच आहे.

मीं त्याला कां थांबविलें हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १८५१ सालीं फॉक्स टालबट या इंग्रज गृहस्थानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एक प्रयोग केला. वर्तमानपत्राचा एक तुकडा त्यानें वेगानें फिरणाऱ्या चकतीवर चिकटविला, लेडन बरण्यांत सांठविलेल्या विजेची ठिणगी पाडली आणि त्या निमिषमात्र उजेडांत छायाचित्र घेतलें. आजच्या फ्लॅशचें तत्त्व या प्रयोगांत जवळजवळ पूर्ण आलेलें आहे: वीज सांठवावयाची आणि एका क्षणांत सोडावयाची. परंतु पुढें ऐशीं वर्षें छायाचित्रकार ही वाट सोडून अग्नीच्या मागें लागले. १८६५ सालीं पियाझ्झी स्मिथ यानें मॅग्नेशियम जाळून इजिप्तच्या महान पिरॅमिडच्या अंतर्भागाचीं चित्रें घेतलीं. १८८७ सालीं गेडिके आणि मीथे या जर्मनांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट मिसळून झगझगीत पेटणारी पूड तयार केली. न्यू यॉर्कच्या दरिद्री वस्त्यांचीं चित्रें घेणाऱ्या जेकब रीसनें असली पूड वापरली. तिच्या पायीं आपल्या हातून आगीहि लागल्या, हें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे.

१९२९ च्या सुमारास जर्मनींत फ्लॅशचा बंद काचेचा गोळा निघाला आणि भडका काचेआड गेला. हा गोळा पेटविण्यास थोड्या व्होल्टची बॅटरी पुरे. कॅमेऱ्याचा पडदा उघडतांना धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींस टेकत व गोळा पेटे. फ्लॅश पेटविण्याचें काम कॅमेऱ्यानेंच करावयाचें ही रीत अशी रुळली. १९३१ पासून अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यानें टालबटच्या ठिणगीला वायुभरल्या नळींत बसविलें. १९४४ सालीं दोस्तांच्या विमानांनीं नॉर्मंडीचीं रात्रीचीं चित्रें घेतलीं तीं याच प्रकाशानें. पुढें हें यंत्र लहान होत होत लग्नघरच्या फोटोग्राफराच्या हातांत आलें. जुनी रीत मात्र त्याच्याबरोबर तशीच आली.

आतां त्याच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. चार सेलांची सहा व्होल्ट वीज आंतील मंडल सुमारें तीनशें व्होल्टपर्यंत चढवितें. ती शिटी याच खटाटोपाची. ही वीज मोठ्या कंडेन्सरमध्यें सांठते. परंतु नळींतील झेनॉन वायु तीनशें व्होल्टांना दाद देत नाहीं. त्याला जागें करण्यास कांहीं हजार व्होल्टांचा एक ठोसा लागतो. तो देण्यासाठीं दुसरा एक छोटा कंडेन्सर आणि एक ट्रान्सफॉर्मर असतो, आणि या छोट्या कंडेन्सरची वीज जुन्या फ्लॅशमध्यें सरळ कॅमेऱ्याच्या संपर्कांतून वाहते. म्हणजे दिवा लागला कीं फ्लॅशच्या पायाच्या मधल्या टोंकावर दोनशें-तीनशें व्होल्ट उभे! वडिलांच्या कॅमेऱ्यांत तेथें धातूच्या पट्ट्याच होत्या, त्यांना त्याचें कांहींच वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यांत त्या जागीं बहुधा इवलासा अर्धवाहक असतो. तो पहिल्याच क्षणीं जळेल किंवा शेंदीडशें चित्रें निमूटपणें काढून मग जळेल. आणि कित्येकदां शेजारचें मंडलहि बरोबर नेईल. "माझा तर चालतो" या शेजाऱ्याच्या ग्वाहीवर म्हणूनच माझा विश्वास नाहीं.

किती व्होल्ट चालतील? आयएसओ १०३३० या मानकांत कॅमेऱ्यानें २४ व्होल्टपर्यंत सोसावें असें धरलें आहे. निकॉनच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत २५० व्होल्टची मर्यादा छापलेली असते. इतर कित्येक कॅमेऱ्यांची पुष्कळ कमी. आपल्या कॅमेऱ्याची पुस्तिका पाहावी, आणि तींत आंकडा नसेल तर २४ च्या वर जाऊं नये. फ्लॅशच्या नांवावरूनहि निर्णय करूं नये. व्हिव्हिटार २८३ हा प्रसिद्ध फ्लॅश पुष्कळ वर्षें निघत राहिला. त्याच्या आरंभीच्या नगांच्या पायावर दोनशेंहून अधिक व्होल्ट मिळतात, उत्तरकाळच्या नगांवर दहाच्या आसपास. नांव एक, रूप एक, आणि पोटांतील मंडल निराळें!

तेव्हां मोजणें हाच उपाय. दहा मेगओहम अंतर्गत रोध असलेला डिजिटल मीटर घ्यावा; हलका मीटर वीज स्वतःच ओढून घेतो आणि आंकडा खोटा कमी दाखवितो. फ्लॅश चालू करून तांबडा दिवा लागल्यावरहि अर्धा मिनिट थांबावें, मग एक टोंक मधल्या बिंदूस व दुसरें पायाच्या कडेच्या धातूस लावावें. मधला बिंदु धन असावयास हवा. आंकडा ऋण आला तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवूंच नये. आमच्या मीटरवर २३१ आले. भाचा गप्प झाला, आणि लगेच पेंचकस शोधूं लागला! त्यालाहि मीं आवरलें. सेल काढून टाकले तरी मोठ्या कंडेन्सरमध्यें वीज बराच काळ राहते आणि तिचा धक्का जिवावर बेतूं शकतो. जे जुने फ्लॅश सरळ घरच्या विजेवर चालत, त्यांच्या वाटेस तर जाऊंच नये.

दुसऱ्या कंपनीच्या नव्या फ्लॅशची गोष्ट वेगळी. त्यांत व्होल्ट बहुधा कमीच असतात. अडचण भाषेची असते. मधला बिंदु सर्वांचा सामायिक, परंतु भोवतालचे बिंदु ज्याचे त्याचे. म्हणून असा फ्लॅश पेटतो, पण कॅमेऱ्याशीं बोलत नाहीं. प्रकाशाचें माप हातानें ठरवावें लागतें. मिनोल्टानें १९८८ त खांचच निराळी केली, आणि २०१८ च्या सुमारास कॅननच्या कांहीं स्वस्त कॅमेऱ्यांतून मधला बिंदुहि नाहींसा झाला.

आमच्या फ्लॅशला आम्हीं कॅमेऱ्यापासून दूरच ठेवलें. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहतांच आपला फ्लॅश पेटविणारा प्रकाशग्राही मिळतो. एवढे व्होल्ट तो सोसतो हें पाहूनच भाच्यानें तो आणला. कॅमेऱ्याचा लहानसा फ्लॅश मात्र हातानें चालविण्याच्या खुणेवर ठेवावा लागतो, नाहींतर मोजणीसाठीं तो जो आधीं एकदां लुकलुकतो त्यालाच भुलून जुना फ्लॅश अवेळीं पेटतो. पहिलीं चार चित्रें अशींच काळीं गेलीं. मग कपाटावर उभा करून, छताकडे तोंड केलेल्या त्या फ्लॅशच्या उजेडांत त्यानें आपल्या आजीचें चित्र घेतलें. शिटी ऐकतांच तिनें पदर सारखा केला होता.