कोंबडीच्या पायांचा इतिहास

ब्रॉयलरचा धंदा एका चुकलेल्या ऑर्डरमधून सुरू झाला, हे आमच्या व्यवसायात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, ओशन व्ह्यू गावी, सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि आली ५००. त्यांनी ती परत न पाठवता वाढवली आणि जेमतेम किलोभराची झाल्यावर खाण्यासाठी विकली. पण हा धंदा पुढे बारमाही कसा झाला, ते फारसं कुणी सांगत नाही. खरा इतिहास मला तिथे दिसतो, आणि तो कोंबडीच्या पायांचा आहे.

त्याआधी थंडीत पिल्लं आत कोंडून वाढवली की काही आठवड्यांत ती लंगडायची, वाढ खुंटायची, आणि बसली की उठायची नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की हा मुडदूस आहे. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, किंवा अतिनील किरण मिळाले, तर पिल्लं पायावर उभी राहतात, आणि मग थंडीतही ती आत वाढवता येतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मात्र कामाचं नाही. हवे ते किरण काचच अडवते.

मुडदूस मला आजही भेटतो. सिन्नरकडच्या शेडमधून बोलावणं आलं, की मी आधी बसलेलं पिल्लू उचलून चोच अंगठ्याने दाबतो. ती रबरासारखी वाकली, तर खाद्यातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस तपासायचं. मग मेलेल्या पिल्लाची नडगी मोडून बघतो. चांगलं हाड कट्‌कन मोडतं, मुडदुसाचं नुसतं वाकतं.

१९३०च्या दशकात मात्र वेगळंच दुखणं पुढे आलं. हाड टणक, पण घोटा सुजलेला, मागची शीर खोबणीतून सटकलेली आणि पाय बाहेर वळलेला. कॉर्नेलच्या विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी १९३६ साली कारण शोधलं: मँगनीज कमी पडत होतं. खाद्यात हाडांची भुकटी जास्त झाली, की त्यातलं कॅल्शियम-फॉस्फरस आहे तेवढं मँगनीजही पिल्लाच्या अंगी लागू देत नाही. म्हणजे मुडदूस टाळायला दिलेलं कॅल्शियम-फॉस्फरसच सढळ हाताने दिलं, तर या दुखण्याला खतपाणी मिळायचं! भाताच्या कोंड्यात मँगनीज भरपूर, म्हणून कोंडा खाणाऱ्या पिल्लांना हा त्रास कमी. पाय लुळे दिसताच कुणी पाण्यातून कॅल्शियम सोडायला निघालं, की मी त्याला थांबवून ही सगळी हकिगत सांगतो.

पुढचं दुखणं वजनाचं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ सालच्या वाणाची आणि २००५ सालच्या वाणाची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. ५६व्या दिवशी जुनं पिल्लू ९०५ ग्रॅम, नवं ४२०२ ग्रॅम. मांस एवढं झपाट्याने चढतं, की नडगीच्या टोकाला कुर्चेचं हाड व्हायला फुरसतच मिळत नाही.

म्हणून कोणती पिल्लं बसली आहेत, हे मी नीट बघतो. लहान, पिसं न भरलेली बसली असतील, तर खाद्य आणि आतडं तपासायचं. सगळ्यांत मोठे नर बसले असतील, तर पुढच्या बॅचला सुरुवातीची वाढ थोडी रोखायची. त्यासाठी अंधार उपयोगी पडतो. युरोपीय संघाच्या २००७च्या निर्देशात ब्रॉयलरला दिवसाकाठी किमान सहा तास अंधार सक्तीचा आहे. आपल्याकडे खाद्य जास्त खावं म्हणून रात्रभर दिवे जळणाऱ्या शेड कितीतरी आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून तेवढे तास दिवे बंद ठेवा, असं मी आग्रहाने सांगतो. वजन आधी थोडं मागे पडतं, पण बरंचसं पुढे भरून निघतं.