संस्था चालवण्याचं शिक्षण : हिंगण्यापासून म्हसवडपर्यंत



मागच्या वर्षी आमच्या प्रभागसंघात व्यवस्थापकाची जागा निघाली. जाहिरातीत पात्रता लिहिली होती : एमएसडब्ल्यू किंवा तशीच पदव्युत्तर पदवी. आमच्या कोषाध्यक्ष मावशींनी ती जाहिरात माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मावशी चौथी शिकलेल्या. गेली अकरा वर्षं गटांचा हिशेब त्यांच्या नजरेखालून जातो. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही केलं ते काम नव्हतं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. मग संस्था चालवणं हे कॉलेजात कधीपासून शिकवायला लागले, आणि त्याआधी बायका ते कसं शिकत होत्या, याचा मी शोध घेतला. आज तेच सांगते.

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करू. ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतून यायचा. तिथल्या बोस्टन शहरातल्या लोकांनी १८८७मध्ये रमाबाईंच्या नावाने मंडळ स्थापून दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. इथे सल्लागार म्हणून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं होती. पुढे धर्मांतरावरून वाद पेटला आणि १८९३मध्ये या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. पैसे देणारे एकीकडे, मुली सोपवणारे दुसरीकडे, सल्ला देणारे तिसरीकडे. संस्थेच्या प्रमुखाने जबाब द्यायचा कुणाला? आज हा प्रश्न वर्गात बसून शिकतात. रमाबाईंनी तो भर वादळात सोडवला आणि काम पुढे चालू ठेवलं.

दुसऱ्या पार्वतीबाई आठवले. देवरुखच्या जोशांची ही मुलगी. ऐन विशीत वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. त्यांची बहीण बाया कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी. बहिणीच्या आधाराने त्या पुण्याला आल्या आणि आपल्या गटातल्या कितीतरी जणींसारख्या मोठेपणी शाळेत बसल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमात त्यांनी मुलींची देखरेख केली आणि त्याहून अवघड काम अंगावर घेतलं, ते वर्गणी जमवण्याचं.

वर्गणी मागणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. दारात उभं राहायचं, संस्था काय करते ते सांगायचं, नकार ऐकायचा आणि पुढच्या दारात जायचं. त्या काळात विधवेने हे करायचं म्हणजे आधी तिच्या घराबाहेर पडण्याचाच जाब द्यावा लागे. पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या, सभांमधून बोलल्या. इंग्रजी येत नाही ही अडचण त्यांना सलत होती. म्हणून १९१८मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं, इंग्रजी शिकल्या आणि १९२०मध्ये परत आल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं लिहून ठेवलं आहे. निधी उभारणी हा आज पदवीच्या अभ्यासक्रमात एक विषय असतो. पार्वतीबाईंचा अभ्यासक्रम असा होता.

आता मुंबईतल्या नागपाड्याकडे जाऊ. अमेरिकन मराठी मिशन ही संस्था मराठी मुलखात आधीपासून काम करत होती. तिच्याकडून क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे गृहस्थ १९२५मध्ये भारतात आले. कामगारांच्या दाट वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस हे केंद्र चालवलं. हे काम करताना त्यांना दिसलं की मदत करायला मन लागतं, पण नुसतं मन पुरत नाही. घराघरातली परिस्थिती समजून घेणं, नोंदी ठेवणं, पैशाचा हिशेब, माणसांना कामाला लावणं, हे शिकावं लागतं. तेव्हा अशा कामासाठी माणसं तयार करणारी शाळा आपल्या देशात नव्हती.

सर दोराबजी टाटा १९३२मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने पैसा दिला आणि १९३६मध्ये नागपाड्यातच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. मॅनशार्ट पहिले संचालक. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पदविका समाजसेवेच्या प्रशासनाची. म्हणजे संस्था चालवणं हा पहिल्यापासूनच शिकण्याचा विषय ठरला. प्रवेश मात्र पदवीधरांना. नावातल्या 'ग्रॅज्युएट' शब्दाचा अर्थच तो.

आमच्या मावशींच्या आड आलेला उंबरठा इथे बसवला गेला. तो कुणाचा अपमान करायला बसवला नव्हता. समाजाचं काम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, डॉक्टर-वकिलासारखा तोही शिकून करायचा पेशा आहे, हे लोकांना पटवायचं होतं. पण त्या काळात खेड्यातल्या किती मुली पदवीपर्यंत पोहोचत होत्या? उंबरठ्याची ही दुसरी बाजू.

१९४४मध्ये या शाळेचं नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं. १९५४मध्ये ती देवनारला गेली, १९६४मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९८६मध्ये तुळजापूरला तिचं ग्रामीण केंद्र सुरू झालं. शिक्षण नागपाड्याहून आपल्या मराठवाड्यापर्यंत यायला पन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात शेजारच्या गुजरातेत एक वेगळा विचार झाला. आणंदच्या दूध संघाचे मालक शेतकरी. पण एवढा मोठा कारभार सांभाळायला शिकलेली माणसं लागणार. ती शेतकऱ्यांची नोकर म्हणून राहायला हवीत, मालक होऊन बसायला नकोत. म्हणून डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. पदवी हवी, पण ती सभासदांच्या कामाला लागावी, हा त्यामागचा विचार. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि आता आपलं म्हसवड. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या बायकांना स्वतःची बँक हवी होती. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत त्या बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे गेल्या. म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे तिथल्या बायकांसाठी उद्योग शिकवणारी शाळाही निघाली. तिथे पदवीची अट नव्हती.

मैत्रिणींनो, म्हणून मी पदवीला नावं ठेवणार नाही. मी स्वतः बीए आहे. बीएनंतर इग्नूमधून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, त्याचं माहितीपत्रक मी आणून ठेवलंय. आपल्या मुलींनी तर शिकावंच. पण शिकलेली व्यवस्थापक आली म्हणून वही तिच्या हातात देऊन आपण मोकळं व्हायचं नाही. कॅशबुक दर महिन्याला बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, आणि न समजलेला आकडा विचारायची लाज वाटता कामा नये.

आमच्या प्रभागसंघाने तसा ठराव केला. मुलाखती घ्यायला मावशीही बसल्या. आलेल्या मुली हुशार होत्या, भराभर उत्तरं देत होत्या. शेवटी मावशींनी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला : "आमच्या बायका रानातून येतात, स्वयंपाक उरकतात, मग रात्री आठला बैठक बसते. तेव्हा येशील का?"

एक मुलगी म्हणाली, "येईन, पण परतायचं कसं ते तुम्ही सांगा."

मावशी म्हणाल्या, "हिला घ्या. हिला विचारता येतं."