जोहाराचे यमक

यमक जुळविणे हा कवींचा खेळ आहे, असे आपण शाळेत शिकतो आणि पुढे शिकवितोही. ‘वारा’ म्हटले की ‘तारा’, ‘पाणी’ म्हटले की ‘गाणी’; मुलांनी शब्द सुचवावेत आणि गुरुजींनी ते फळ्यावर लिहावेत, इतका तो निर्दोष खेळ दिसतो. परंतु काही शब्दांचे यमक कवीने शोधण्यापूर्वीच समाजाने जुळवून ठेवलेले असते. अशाच एका शब्दाची हकिगत आज सांगावयाची आहे. तो शब्द ‘महार’ हा होय, आणि गावगाड्याने त्याला बांधून दिलेले यमक म्हणजे ‘जोहार’.

हा विषय आदिलाबादच्या मुलखात विशेष रीतीने उमगतो. पैनगंगेच्या दक्षिणेस बेला, जैनथ या बाजूला मराठी बोलली जाते, आणि तिच्या शेजारी तेलुगू, गोंडी व उर्दू नांदतात. तेलुगू छंदशास्त्रातील प्रास हा चरणाच्या दुसऱ्या अक्षरावर साधलेला असतो. मराठी कान मात्र चरणाच्या अखेरीकडे लागलेला असतो. मराठीत जो शब्द शेवटी येतो तो अधिक घुमतो आणि आपल्या जोडीदाराला हाक मारतो. म्हणूनच चरणाच्या अखेरीस जातीचे नाव आले की, त्यापुढे कोणता शब्द येतो याला महत्त्व प्राप्त होते.

‘जोहार’ हा शब्द मुळात हीन नाही. हिंदीतील ‘जुहार’ म्हणजे नमस्कारच. झारखंडातील आदिवासी आजही एकमेकांना अभिमानाने ‘जोहार’ म्हणतात. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मात्र तो एकाच दिशेने वाहू लागला. महाराने पाटलाच्या वाड्यापुढे दुरून जोहार घालावयाचा. पाटलाने उलट जोहार घालावयाचा नाही. नमस्काराला नमस्कार परत मिळेनासा झाला, की तो नमस्कार उरत नाही, ती जातीची खूण होते. दोष शब्दाचा नव्हता, दिशेचा होता.

या जुळलेल्या जोडीला प्रथम वेगळ्या वाटेने नेले ते मंगळवेढ्याच्या चोखोबांनी. मोठ्या अभंगात दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधतात, आणि लहान अभंगात दोन्ही चरणांच्या अखेरीस. चोखोबांच्या जोहाराच्या अभंगांत ‘जोहार’ आणि ‘महार’ समोरासमोर उभे राहतात, पण तो जोहार वाड्याकडे जात नाही, विठ्ठलाकडे जातो. पाटलाला करावयाचे अभिवादन देवाला केले, म्हणजे पाटील आपोआपच मधून वगळला गेला. मात्र ज्या देवाला हा जोहार पोहोचला, त्याच्या राउळात चोखोबांना प्रवेश नव्हता. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. पंढरपुरास त्यांची समाधी आहे तीही महाद्वाराबाहेर.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी हाच जोहार आपल्या भारुडांत घेतला. ब्राह्मण कवी महाराच्या भूमिकेत उभा राहतो, देहाला गाव कल्पितो आणि त्या गावाचा खरा हिशेब तेथील कारभाऱ्यांना ऐकवितो. ज्याला गावाने बोलू दिले नाही, त्याच्याच मुखातून गावाला शहाणपण सांगण्याची ही योजना मोठी धीट होती. तरीही भारूड संपले की कवी आपल्या घरी परत जाऊ शकत होता. ज्याचे सोंग घेतले त्याला ती सोय नव्हती.

पुढे पंडितांनीही या नावाशी एक प्रकारचा यमकाचाच खेळ केला. कोणी ‘मृताहार’ या शब्दापासून ‘महार’ काढला. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त ‘महाअरी’, म्हणजे मोठा शत्रू, अशी फोड केली. पहिल्या व्युत्पत्तीत तिरस्कार आहे, दुसरीत पराक्रम. शब्द तोच, कोण कोणत्या ध्वनीला ध्वनी जुळवितो, यावरून त्याचे मोल ठरत गेले.

विसाव्या शतकात ज्यांचा हा शब्द होता त्यांनीच यमक बदलावयास घेतले. जोहार घालणे सोडावे, असा प्रचार झाला, आणि त्याच्या जागी ‘जयभीम’ आले. या अभिवादनाचे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. जयभीमला उत्तरही जयभीमच असते. जोहाराला नेमकी हीच परतफेड मिळाली नव्हती. १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. जोहार टाकला, पण चोखोबांना टाकले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आणि १६ ऑक्टोबरला चांद्यास धम्मदीक्षा झाली. त्या वेळी वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. अवघ्या पंधरवड्यात, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना होऊन राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. सीमा दोन झाल्या, तरी अभिवादन एकच राहिले. ‘महार’ या शब्दाला ‘विहार’ हे सुंदर यमक मिळण्याची वेळ आली, तेव्हा तो शब्दच पुष्कळांनी मागे ठेवला होता.

‘भीम’ या शब्दाला मराठीत यमके थोडी. पण जी आहेत ती पाहावीत: असीम, मोहीम, तालीम. ‘तालीम’ म्हणजे मराठीत आखाडा किंवा सराव, तर उर्दूत शिक्षण. निजामाच्या राज्यात ज्यांची शाळा उर्दूत झाली, त्यांच्या कानी दोन्ही अर्थ एकदम पडत. याच हैदराबाद राज्यात, औरंगाबादेस, १९५० साली आंबेडकरांच्या संस्थेने महाविद्यालय काढले, तेव्हा हे यमक शब्दकोशातून बाहेर पडून जगण्यात आले.

कागदावर मात्र जुने नाव टिकून आहे. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० साली लागू झाल्या, तरी दाखल्यावर पूर्वीची जात लिहावीच लागते. गाण्यातून गेलेला शब्द कचेरीत राहिला, आणि तो तेथे आहे म्हणून मुलाची शिष्यवृत्ती आहे. ज्या शब्दाने वाट अडविली तोच आज फी भरतो, ही विसंगती आपल्या इतिहासाची आहे, त्या मुलाची नव्हे.

म्हणून वर्गात यमके शिकविताना जातीचे नाव आले, तर ते हसण्यावारी नेऊ नये आणि घाईने पुसूनही टाकू नये. त्या शब्दापुढे आजवर कोणी काय जुळविले, ते मुलांना सांगावे. नंतर फळा त्यांच्या हाती द्यावा. पुढचा शब्द त्यांना लिहावयाचा आहे.