साडेपांच परगण्यांची वाट

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता बोरामणीवरून नळदुर्गास पोंचतो. मोटारीनें हा प्रवास तासाभरांत आटोपतो आणि खिडकींतून फारसें कांहीं दिसतही नाहीं. या मुलुखाचा इतिहास ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचा असेल, त्यानें हमरस्ता सोडून शेतांमधून गेलेल्या गाडीवाटेनें व दोन गांवांच्या शिवेवरच्या पाणंदीनें पायीं चालावें. दिवस पौषाचे असावे. शाळू हुरड्यास आलेला असतो. गुरें आंत शिरूं नयेत म्हणून कडेनें पेरलेली काटेरी करडई वाटसरूच्या धोतराला अडकते. मधूनच काळी जमीन संपून मुरमाड माळ लागतो. तेथें निंब आणि बाभळ यांवांचून सांवली नाहीं. डोंगर दृष्टीस पडत नाहीं. सह्याद्रीच्या गडांवर वाढलेल्या मराठी मनास असा सपाट प्रदेश किल्ल्यांचा वाटतच नाहीं. पण याच सपाटीवर सोलापूर, नळदुर्ग व परांडा हे तीन बळकट किल्ले उभे आहेत, आणि ज्या झगड्याची परिणति विजयानगरच्या नाशांत झाली, त्याची एक ठिणगी याच जोंधळ्याच्या रानांत पडली होती.

गिरिदुर्गाला उंचीचें बळ असतें, भुईकोटाला तें पाण्यापासून मिळवावें लागतें. सोलापूरच्या कोटाला पूर्वेस सिद्धेश्वराचा तलाव आणि उरलेल्या बाजूंस खंदक आहे. तटाची ओळ दुहेरी असून बहामनी अमदानींत हें बांधकाम झालें, असें मानितात. कोटाच्या आंत जुन्या देवळाचे अवशेष आहेत, त्यावरून ही जागा सुलतानांच्याही पूर्वी ओस नव्हती, हें उघड आहे. तलावाचा संबंध तर बाराव्या शतकांतील सिद्धरामेश्वरांशीं जोडलेला आहे. लोकांच्या पाण्याची व पुण्याची सोय म्हणून झालेला तलाव पुढें किल्ल्याची एक बाजू राखूं लागला.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहामनी राज्य मोडलें व त्याचे तुकडे सरदारांच्या हातीं गेले. परांडा ख्वाजा जहान याजकडे राहिला, तर सोलापूर त्याचा भाऊ जैनखान याजकडे. दोघां भावांत मुलुखाची वांटणी झाली ती साडेपांच परगणे एकास आणि साडेपांच दुसऱ्यास अशी. घरांतील वाटणींत अर्धा परगणा सुद्धां मोजून घेतलेला पाहून हंसूं येतें. पण पुढची पन्नास वर्षें दोन दरबार या साडेपांच परगण्यांचें नांव घेऊन एकमेकांवर चालून जात राहिले. इ. स. १५११ मध्यें विजापूरच्या कमालखानानें सोलापूर घेतलें. अहमदनगरचा निजामशहा परांड्याच्या घराण्याचा पाठीराखा. त्यानें हा मुलुख आपला म्हणून मागावयास आरंभ केला.

भांडण मिटविण्यासाठीं सोयरिकीचा उपाय निघाला. १५२४ मध्यें सोलापुरासच दोन सुलतानांची भेट झाली आणि इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम ही बुऱ्हाण निजामशहास दिली. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला व ते साडेपांच परगणे आंदण द्यावयाचे ठरलें होतें. लग्न लागलें, किल्ला मात्र मिळाला नाहीं. असें वचन आपण दिलेंच नाहीं, असें विजापूरकर म्हणूं लागले. दुसऱ्याच वर्षीं बुऱ्हाणशहा मित्रांच्या फौजा घेऊन सोलापुराकडे आला. लढाई ऐन उन्हांत झाली. तहानेनें व उन्हाच्या तापानें तो इतका व्याकुळ झाला कीं, त्यास पालखींत घालून माघारीं न्यावें लागलें, अशी हकीगत फेरिश्ता देतो. फेरिश्ता हा पुढें विजापूरच्या आश्रयास राहून लिहीत होता, तेव्हां अहमदनगरकरांची फजिती त्यानें चवीनें सांगितली असल्यास नवल नाहीं. तथापि चैत्र-वैशाखांतलें सोलापूरचें ऊन ज्यानें सोसलें आहे, तो या गोष्टीवर अविश्वास दाखविणार नाहीं. त्या नवऱ्या मुलीचें काय झालें, तिला माहेर आठवत असे कीं नाहीं, हें मात्र त्या काळच्या इतिहासकारांनीं लिहून ठेवण्याजोगें मानिलें नाहीं.

शेताच्या बांधाला किल्ला येऊन टेकावा, अशी स्थिति जगांत इतरत्रही आढळते. स्पेन देशाच्या दक्षिणेस अंदलुसियांत ऑलिव्हच्या बागांचे समुद्र पसरले आहेत, आणि त्यांतल्या टेकड्यांवर कोट दिसतात. तेथील हाएन प्रांतांत किल्ले व रणभूमी यांना जोडणारी एक नांवाजलेली वाट आहे, इ. स. १२१२ मध्यें जेथें नावास दे तोलोसाची लढाई झाली, तें ठिकाण त्या वाटेवर येतें. त्या लढाईनंतरही कित्येक पिढ्या तो प्रदेश कास्तील आणि ग्रॅनाडा यांच्यामधली सरहद्द होता. सरहद्द जेथें स्थिरावते तेथें किल्ले उगवतात. फरक इतकाच कीं, स्पेनमध्यें सरहद्दीच्या दोन बाजूंस दोन धर्म होते. येथें दोन्ही बाजूंस सुलतानच होते, एकमेकांचे सोयरे होते, आणि तरीही लढत होते. धर्माच्या एकाच सूत्रांत दख्खनचा इतिहास ओंवूं पाहणारांनीं सोलापूरच्या तटाखालून एकदां चालून जावें, हें बरें.

लढाईनें न मिळालेला किल्ला निजामशहास अखेर मिळाला तो विजयानगरच्या मदतीनें. १५५२ च्या सुमारास रामरायाच्या साह्यानें बुऱ्हाणशहानें सोलापूर जिंकलें. लवकरच सोंगट्या फिरल्या. आतां अली आदिलशहानें त्याच रामरायाचें साह्य मागितलें आणि निजामशाही मुलुखाची धूळधाण झाली. एकानें शेजाऱ्याविरुद्ध बलिष्ठास बोलवावें, मग दुसऱ्यानें त्यासच बोलवावें, आणि सरतेशेवटीं तो बलिष्ठ दोघांसही डोईजड व्हावा, हें ठरलेलेंच होतें. मग दोघांना शहाणपण सुचलें तें पुन्हां लग्नाच्याच रूपानें. १५६४ मध्यें हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी ही अली आदिलशहास दिली आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलास, मुर्तजास, दिली. चांदबिबीचें आंदण म्हणजे सोलापूरचा किल्ला! चाळीस वर्षांपूर्वीं वधूबरोबर विजापूरहून अहमदनगरास जावयाचा होता, तोच आतां उलट दिशेनें आला. आणि या खेपेस वचन पाळलें गेलें. सोलापूरचा कांटा निघाला तेव्हांच सुलतानांची एकी शक्य झाली. १५६५ च्या जानेवारींत कृष्णेच्या कांठीं राक्षस-तंगडीच्या रणांत रामराया पडला, आणि हंपीचें वैभव लयास गेलें. विजयानगर केवळ सोलापुरामुळें बुडालें, असें कोणी म्हणणार नाहीं. पण हा किल्ला आंदण दिला गेला नसता, तर त्या दोन फौजा त्या दिवशीं एका बाजूस उभ्या राहिल्या असत्या काय, याचें उत्तर देणें अवघड आहे.

चांदबिबी पुढें माहेरीं परतली. १५९५-९६ च्या हिंवाळ्यांत मोंगलांच्या वेढ्यापुढें तिनें अहमदनगर राखलें व १६०० मध्यें स्वकीयांच्याच हातून मारली गेली. तिची कथा युरोपियन वाचकांस ज्यानें कादंबरीरूपानें सांगितली, तो कर्नल मेडोज टेलर याच वाटेवरचा रहिवासी होता. निजामानें १८५३ मध्यें कंपनीस जे जिल्हे तोडून दिले त्यांत नळदुर्ग होता, आणि टेलर तेथें अधिकारी म्हणून आला. त्याचें राहणें किल्ल्यांतच होतें. भोंवतालीं त्याच दख्खनी सुलतानांचे तट आणि बुरूज होते. चांदबिबीवरील कादंबरी १८७८ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, बाहेर पडली. पुढें १८६० मध्यें हे जिल्हे निजामाकडे परत गेले.

नळदुर्गाविषयीं थोडें थांबून बोलावें लागतें. नळराजाचें नांव या गडास चिकटलें आहे तें दंतकथेमुळें. जें पाहून माणूस थक्क होतो तें काम आदिलशाहींतलें आहे. बोरी नदीच्या वळणांत बेसाल्ट खडकावर मुख्य किल्ला बसला आहे, आणि पलीकडच्या तीरावर रणमंडळ नांवाचा उपकिल्ला आहे. या दोहोंना जोडणारा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५८०–१६२७) झाला. नुसता बंधारा बांधून कारागीर थांबले नाहींत. त्याच्या पोटांत त्यांनीं दालनें काढलीं व त्यास पाणीमहाल हें नांव पडलें. पावसाळ्यांत तलाव भरला कीं, बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून धबधबे कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आंत बसणाऱ्याच्या पुढ्यांत पाण्याचा पडदा, अंगावर मात्र थेंब नाहीं, अशी ती योजना आहे. वेढा पडल्यास पाणी पुरावें, नदीच्या बाजूनें शत्रूस अडसर व्हावा, आणि शांततेच्या दिवसांत सुलतानानें तुषारांची मौज पहावी, या तिन्ही गरजा एकाच भिंतीनें भागविल्या. संगीताचा शौकी असा तो इब्राहिम होता. लढाईच्या वास्तूंतही त्याला नाद ऐकूं यावा, हें त्यास शोभतें.

नळदुर्गाशेजारींच अणदूर आहे. या दोन गांवांचा खंडोबा एकच. वर्षांतले सुमारें दोन महिने देव नळदुर्गास असतो, उरलेले अणदुरास. आणि देव नेण्या-आणण्याच्या वेळीं दोन्ही गांवचे लोक लेखी करार करितात. पौष पौर्णिमेस नळदुर्गची जत्रा भरते. दोन सुलतानांनीं एका किल्ल्यासाठीं वचन दिलें व मोडलें. त्याच मुलुखांतल्या शेतकऱ्यांनीं एक देव वांटून घेतला आहे, आणि त्यांचा कागद मोडल्याचें ऐकिवांत नाहीं.

वाटेचें तिसरें टोंक परांडा. तो सोलापूरच्या वायव्येस पडतो. बार्शीवरून जाणें सोयीचें. याही कोटाला खंदक आहे, आणि तटावर जुन्या तोफा अद्याप पडून आहेत. परंतु सर्वांत मोठी तोफ तेथें नाहीं. बुऱ्हाण निजामशहासाठीं मुहम्मद बिन हुसेन रूमी यानें १५४९ मध्यें अहमदनगरास ओतलेली ही मुलुखमैदान तोफ परांड्यास होती. १६३२ मध्यें ती विजापुरास नेली. हें काम आदिलशाही सरदार मुरारपंत यानें केलें. तोफेची लांबी चौदा फुटांहून अधिक, तोंडाची पोकळी सव्वादोन फुटांच्या वर आणि वजन सुमारें पंचावन्न टन. परांड्यापासून विजापूर सरळ रेषेंत शंभर मैल आहे, आणि मध्यें भीमा आडवी पडते. दहा हत्ती, चारशें बैल व शेंकडों माणसें लागलीं, असें सांगतात. आंकडे कमीजास्त असतील. पण काळ्या जमिनींत एक पाऊस पडला तरी भरली बैलगाडी आंसापर्यंत रुततें, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या बैलांची दया आल्यावांचून राहणार नाहीं. या तोफेची जोडीदारीण कडकबिजली नदींत बुडाली, अशीही आख्यायिका आहे.

तोफ विजापूरच्या बुरुजावर चढली तेव्हां निजामशाही शेवटचे श्वास घेत होती, आणि साडेपांच परगण्यांसाठीं भांडावयास लवकरच कोणी उरणार नव्हतें. १६६८ मध्यें सोलापूर मोंगलांकडे गेलें. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोनें पेशव्यांच्या शिबंदीकडून तें घेतलें. मुलुखमैदान मात्र विजापुरांतच राहिली. १८५४ मध्यें ती मोडींत काढण्यासाठीं लिलांव पुकारण्यांत आला, तेव्हां सर्वांत मोठी बोली आली दीडशें रुपयांची. किंमत फारच हलकी म्हणून सरकारनें विक्री रद्द केली, आणि तोफ आपल्या बुरुजावर तशीच राहिली.